बाहेरचे तीन

तासगाव तालुक्यातील आमच्या गावात दर जानेवारीत टेनिस चेंडूवरच्या क्रिकेटची स्पर्धा होते आणि तिची नियमावली ठरवण्याची बैठक दरवर्षी एकाच कलमावर अडते. प्रत्येक संघाला बाहेरगावचे किती खेळाडू खेळवता येतील, हे ते कलम. गेली बारा वर्षे मी या स्पर्धेचा गुणलेखक असल्यामुळे आणि जुन्या वह्या माझ्याच कपाटात असल्यामुळे अशा वादात माझी साक्ष काढली जाते. गेल्या डिसेंबरातही तसेच झाले. तरुण मंडळींचे म्हणणे होते की ‘एक गाव, एक संघ’ हाच नियम असावा, म्हणजे पैसे मोजून कोल्हापूर-पनवेलकडून आणलेले फलंदाज गावच्या पोरांच्या जागा अडवणार नाहीत; तर बक्षिसाची रक्कम देणाऱ्यांचे म्हणणे होते की बाहेरचे नावाजलेले खेळाडू नसतील तर मैदानाच्या कडेला माणूस फिरकणार नाही. बराच वेळ गप्प बसलेले एक जुने द्राक्ष बागायतदार तेवढ्यात म्हणाले, “थॉमसन तरी कुठं आपल्या गावचं हाय? त्याच्यातनंच आपल्याकडं तास-ए-गणेश निघालं की.” द्राक्षाची बाहेरून आलेली जात आणि तिच्यातूनच आपल्याकडे निघालेली जात, हा दाखला ऐकून बैठक हसली, चहा आला, आणि कलम त्या दिवशी होते तिथेच राहिले.

घरी आल्यावर मात्र ते वाक्य डोक्यातून जाईना, कारण आयपीएलमधील परदेशी खेळाडूंविषयी गेली १८ वर्षे आपण जो वाद घालतो आहोत, तो याहून फारसा वेगळा नाही. त्या वादात नेहमी आकड्यावर भांडण होते: चार असावेत, तीन असावेत की सहा. मला वाटते, बाहेरून आलेल्या माणसाला कोणते काम दिले आणि तो ते करत असताना आपला कोण त्याच्या शेजारी उभा होता, यावर सगळे अवलंबून असते. आकडा त्यानंतर येतो.

याचे सर्वात जुने उदाहरण आमच्याच जिल्ह्यात आहे. १९३० च्या दशकाच्या अखेरीस जतच्या संस्थानिकांनी क्लॅरी ग्रिमेट यांना प्रशिक्षक म्हणून बोलावले होते. ग्रिमेट जन्माने न्यूझीलंडचे, पण खेळले ऑस्ट्रेलियाकडून. कसोटीत २०० बळींचा टप्पा सर्वप्रथम ओलांडणारे गोलंदाज म्हणजे हे लेगस्पिनर. असा माणूस दुष्काळी जतच्या उन्हात नेटमागे उभा राहिला आणि त्याच्यासमोर सराव करणाऱ्यांत सांगलीत जन्मलेले विजय हजारे होते. दोन्ही पॅडच्या मध्ये बॅट धरून उभे राहण्याची हजारे यांची पद्धत पुस्तकी नव्हती, पण ग्रिमेट यांनी ती बदलायला लावली नाही, असे सांगितले जाते. पुढे १९३९-४० च्या रणजी हंगामात हजारे यांनी पुण्यात बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ धावा केल्या आणि महाराष्ट्राने त्या वर्षी करंडक जिंकला. त्या धावांचे श्रेय ग्रिमेट यांच्या खात्यावर टाकण्याचा मोह मी आवरतो. मात्र आलेला पाहुणा एकही सामना न खेळता इथल्या एका फलंदाजाच्या सरावाचा भाग झाला, ही गोष्ट मला कोणत्याही लिलावाच्या आकड्यापेक्षा मोठी वाटते.

याच्या अगदी उलट गोष्ट डेनिस कॉम्प्टन यांची. दुसऱ्या महायुद्धात ते सैन्याबरोबर महूला होते, म्हणून १९४४-४५ च्या रणजी हंगामात सी. के. नायडू यांच्या होळकर संघाला ते मिळाले. अंतिम सामना मुंबईशी झाला. विजयासाठी ८६७ धावा हव्या असताना कॉम्प्टन यांनी नाबाद २४९ धावा केल्या, तरी होळकर संघ ३७४ धावांनी हरला. शतकानंतरच्या प्रत्येक धावेला ५० रुपये देण्याचे कबूल करणारा एक धनिक सामना संपल्यावर ‘तातडीच्या कामासाठी कलकत्त्यास गेलो आहे’ अशी चिठ्ठी ठेवून निघून गेला, असा किस्सा या खेळीबरोबर नेहमी सांगितला जातो. आमच्या स्पर्धेत असे धनिक आजही आढळतात. पण किस्सा सोडला तर त्या खेळीतून होळकर संघाच्या हाती काय उरले, हे सांगणे कठीण आहे.

मग १९६२ चा तो प्रयोग, ज्याची आठवण आज फार कमी जणांना आहे. त्या वर्षी वेस्ट इंडिजच्या दौऱ्यावर भारत पाचही कसोटी सामने हरला आणि बार्बाडोसला चार्ली ग्रिफिथ यांचा चेंडू डोक्याला लागून कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या जिवावर बेतले. ते वाचले, पण पुन्हा कसोटी खेळले नाहीत. वेगवान गोलंदाजीची सवयच नाही, हे ओळखून भारतीय मंडळाने पुढच्या देशांतर्गत हंगामासाठी वेस्ट इंडिजचे चार वेगवान गोलंदाज बोलावले आणि ते चार संघांत वाटून दिले: रॉय गिलख्रिस्ट हैदराबादकडे, चार्ली स्टेयर्स मुंबईकडे, लेस्टर किंग बंगालकडे आणि चेस्टर वॉटसन दिल्लीकडे. यांतील गिलख्रिस्ट यांना तर १९५८-५९ च्या भारत दौऱ्यातून बेशिस्तीपायी त्यांच्याच संघाने मायदेशी पाठवले होते! तरीही त्यांना बोलावले, कारण हवा होता तो वेग. त्या हंगामात बंगालच्या पंकज रॉय यांनी गिलख्रिस्ट यांच्या हैदराबादविरुद्ध दोन्ही डावांत शतके ठोकली.

परदेशी खेळाडू बोलावण्यामागे इतका स्पष्ट हेतू भारतीय क्रिकेटमध्ये त्याआधी किंवा नंतर क्वचितच दिसला असेल. आपल्याला काय येत नाही, हे आधी ठरवले आणि तेवढेच बाहेरून आणले. पण प्रयोग अर्धा राहिला. फलंदाजांना एक हंगाम वेगाचा अनुभव मिळाला; त्या चौघांच्या शेजारी नव्या चेंडूने धावत येणारी आपली मुले मात्र तयार झाली नाहीत आणि कपिल देव येईपर्यंत आणखी १६ वर्षे भारताची गोलंदाजी फिरकीच्याच खांद्यावर राहिली. पाहुणे निघून गेले, त्यांच्याबरोबर वेगही गेला.

आयपीएलचा हिशेब याच मापाने करावा, असे मला वाटते. अंतिम अकरांत चारच परदेशी, हा नियम २००८ पासून आहे आणि तो शहाणपणाचा आहे, कारण उरलेल्या सात जागांवर भारतीय खेळाडू शोधण्यावाचून संघमालकांना गत्यंतर उरले नाही. पहिल्याच वर्षी शेन वॉर्न यांनी राजस्थानला विजेतेपद मिळवून दिले ते रवींद्र जडेजा आणि गोव्याचा स्वप्नील अस्नोडकर अशा तोपर्यंत फारशा कोणाला ठाऊक नसलेल्या मुलांना पुढे करून. मुंबई इंडियन्सच्या सरावात जसप्रीत बुमराला लसिथ मलिंगाचा सहवास मिळाला. महाराष्ट्राचा ऋतुराज गायकवाड २०२१ मध्ये चेन्नईकडून फाफ डु प्लेसिसबरोबर सलामीला जात असे. हंगाम संपला तेव्हा ऋतुराजच्या ६३५ धावा होत्या आणि डु प्लेसिसच्या ६३३. दोन धावांच्या फरकाने सर्वाधिक धावांची नारंगी टोपी आपल्या मुलाला मिळाली, याचा आनंद झालाच. पण मला अधिक महत्त्वाचे वाटते ते हे की संपूर्ण हंगामभर समोरच्या टोकाला उभा राहून एक मुरलेला फलंदाज काय करतो, हे त्याला बावीस यार्डांवरून पाहता आले.

तक्रारीची जागा वेगळी आहे. चार म्हणजे थोडेच, असे वाटते. पण त्या चौघांना कोणती षटके मिळतात ते पाहिले पाहिजे. शेवटची पाच षटके टाकायला मलिंगा किंवा ब्राव्हो, त्याच षटकांत फटकेबाजी करायला पोलार्ड, रसेल किंवा डिव्हिलियर्स, अशीच आयपीएलच्या पहिल्या दशकात बहुतेक संघांची मांडणी असे. भारतीय मुलांच्या वाट्याला यायची ती मधली, बिनजोखमीची षटके. सामना जिथे जिंकला किंवा हरला जातो, ते कामच बाहेरच्याला दिले, तर घरचा ते शिकणार कधी? सामना चालू असताना एक खेळाडू बदलू देणाऱ्या, २०२३ पासून आलेल्या इम्पॅक्ट प्लेयरच्या नियमाने आणखी एका भारतीय खेळाडूला जागा मिळाली खरी, पण दोन्ही कामे थोडी थोडी करणाऱ्या अष्टपैलूला गोलंदाजी मिळेनाशी झाली, म्हणजे एका हाताने दिले ते दुसऱ्याने काढून घेतले.

ही तक्रार मी तटस्थपणे करत नाही, हे कबूल केले पाहिजे. १९९० च्या दशकात मी स्वतः एका संघाकडून तिसऱ्या क्रमांकावर खेळायचो. एका वर्षी उपांत्य सामन्याच्या सकाळी कोल्हापूरहून दोन फलंदाज मोटारसायकलवरून आले आणि मला आठव्या क्रमांकावर पाठवण्यात आले. पॅड बांधून मी जी बसकण मारली ती सामना संपेपर्यंत. त्यातल्या एकाने संध्याकाळी मात्र मला बाजूला घेऊन टेनिस चेंडू बोटांच्या पेरांत घट्ट न धरता तळहातात सैल कसा सोडायचा, म्हणजे तो फलंदाजापर्यंत पोहोचताना कसा मरतो, हे दहा मिनिटे दाखवले. पुढची सात-आठ वर्षे मला बळी मिळाले ते त्याच चेंडूवर. राग त्या माणसाचा कधी आला नाही. राग आला तो आमच्या कर्णधाराचा.

पैशांविषयी थोडक्यात. २०२३ च्या लिलावात मिचेल स्टार्कसाठी २४.७५ कोटी रुपये मोजले गेले तेव्हा आमच्या कट्ट्यावर फार आदळआपट झाली होती. आता छोट्या लिलावात परदेशी खेळाडूच्या हाती पडणाऱ्या रकमेला मर्यादा आहे: कॅमेरॉन ग्रीनवर २५.२० कोटींची बोली लागली, तरी त्याला मिळायचे १८ कोटीच, आणि वरची रक्कम मंडळाकडून खेळाडूंच्या कल्याणासाठी जाते. विकत घेतले गेल्यावर ऐनवेळी माघार घेणाऱ्यावर दोन वर्षांची बंदी येते, हेही हॅरी ब्रुकच्या प्रकरणात दिसले. हे नियम योग्यच आहेत.

सांगलीकर म्हणून मला या विषयाची दुसरी बाजू दिसली ती स्मृती मानधनामुळे. आपण ‘परदेशी खेळाडू’ म्हणतो तेव्हा आपल्याकडे येणारा माणूस डोळ्यांसमोर येतो. पण सांगलीच्या मैदानांवर वाढलेली ही मुलगी ब्रिस्बेन, होबार्ट आणि सिडनीच्या संघांत स्वतःच परदेशी खेळाडू होती. तिकडच्या एखाद्या मुलीची जागा तिने घेतली असणार आणि तिकडेही कोणीतरी पॅड बांधून बसले असणार. २०१८ मध्ये इंग्लंडच्या सुपर लीगमध्ये वेस्टर्न स्टॉर्मकडून तिने ४२१ धावा केल्या. नोव्हेंबर २०२१ मध्ये क्वीन्सलँडमधील मकाय या गावी सिडनी थंडरकडून तिने ६४ चेंडूंत नाबाद ११४ धावा काढल्या आणि तरीही संघ चार धावांनी हरला. समोर मेलबर्न रेनेगेड्सकडून हरमनप्रीत कौर होती. आधी तिने नाबाद ८१ धावा केल्या आणि मग शेवटचे षटकही तिनेच टाकले. ऑस्ट्रेलियातील एका गावात, ऑस्ट्रेलियाच्या देशांतर्गत स्पर्धेत, सामन्याचे शेवटचे षटक एक भारतीय टाकते आहे आणि दुसरी भारतीय खेळते आहे, हे दृश्य पाहताना मला अभिमान वाटला आणि लगेच त्या कोल्हापूरच्या मोटारसायकलीही आठवल्या.

भारतीय पुरुष खेळाडूंना परदेशी टी-ट्वेंटी लीगमध्ये खेळण्याची परवानगी मंडळ देत नाही. निवृत्त झाल्यावरच ती दारे उघडतात. महिलांना ती दिली गेली आणि त्याचा परिणाम डोळ्यांसमोर आहे. वुमेन्स प्रीमियर लीग २०२३ मध्ये सुरू झाली तेव्हा आपल्या प्रमुख खेळाडूंना परदेशी मुलींबरोबर राहण्या-खेळण्याची सवय आधीच होती. २०२४ च्या अंतिम सामन्यात दिल्ली बिनबाद ६४ वर असताना स्मृतीच्या बंगळूरू संघाकडून सोफी मोलिन्यूने एकाच षटकात तीन बळी घेतले; पण दार उघडल्यावर आत शिरली ती श्रेयांका पाटील, चार बळी घेऊन, आणि तिच्या जोडीला आशा शोभना. दिल्ली ११३ मध्ये आटोपली. बाहेरच्याचे काम एवढेच असावे, असे मला त्या दिवशी वाटले. अमिरातीच्या लीगमध्ये अकरांपैकी नऊपर्यंत परदेशी खेळवण्याची मुभा सुरुवातीपासून होती. तिथे दार उघडले, तरी आत शिरायला घरचे असे दोघेच.

‘एक गाव, एक संघ’ म्हणणाऱ्यांना मी पुढच्या बैठकीत इंग्लंडच्या यॉर्कशायर संघाचा दाखला दिला. त्या परगण्यात जन्मलेल्यालाच संघात घ्यायचे, हा दंडक त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पाळला आणि १९९२ मध्ये तो मोडला तेव्हा पहिला परदेशी म्हणून आला तो १९ वर्षांचा सचिन तेंडुलकर. मोठ्या गावालाही शेवटी शिवार उघडावे लागते, एवढे सांगून मी माझी दुरुस्ती मांडली: बाहेरचे तीन चालतील, पण डावाचे शेवटचे षटक गावच्याच गोलंदाजाने टाकले पाहिजे. ती एका मताच्या फरकाने मंजूर झाली.

जानेवारीतल्या अंतिम सामन्यात आमच्या गावच्या संघाला शेवटच्या षटकात १४ धावा वाचवायच्या होत्या. इचलकरंजीहून आणलेला गोलंदाज, ज्याच्या आधीच्या दोन षटकांत मिळून अकराच धावा निघाल्या होत्या, तो नियमामुळे सीमारेषेवर उभा होता. चेंडू बारावीतल्या एका मुलाच्या हातात दिला गेला. दुसऱ्या चेंडूनंतर तो इचलकरंजीचा गडी सीमारेषेवरून धावत येऊन त्याच्या कानात काहीतरी सांगून गेला. तिसरा आणि चौथा चेंडू निर्धाव पडले, पाचव्यावर षटकार गेला, सहाव्यावर चौकार. माझ्या वहीत त्या षटकासमोर १, ४, ०, ०, ६, ४ असे आकडे आहेत. एकावन्न हजारांचे बक्षीस पलूसकडच्या संघाने नेले. आमच्या कर्णधाराने महिनाभर माझ्याशी बोलणे टाकले होते. पुढच्या डिसेंबरात ते कलम पुन्हा बैठकीसमोर येणार आहे, आणि तो बारावीतला मुलगा परवा घरी येऊन ती वही बघून गेला.