दुसऱ्यांच्या तोंडी

सोमवार

चर्चमधली कालची उपासना छान झाली असं बरेच जण म्हणाले. तरी आज सकाळपासून हातपाय गळून गेल्यासारखे झालेत. आराधना-गटात नव्याने येणाऱ्यांना मी आधीच सांगून ठेवते की रविवारी जीव ओतून गायलात तर सोमवारी रितं वाटणारच, त्यावरून विश्वास ढळला असं समजू नका. बायबलमधल्या एलीया संदेष्ट्याने कर्मेल डोंगरावर स्वर्गातून अग्नी उतरलेला पाहिला, आणि लगेच पुढच्या अध्यायात तो झुडपाखाली बसून मरण मागतोय. देवाने त्याला उपदेश केला नाही. झोपू दिलं, खाऊ घातलं, परत झोपू दिलं. म्हणून सोमवारी मी गिटारला हात लावत नाही, भक्तिगीतंही ऐकत नाही. धुणं, बिलं, राहून गेलेले फोन.

कालचं एक बोलणं मात्र डोक्यातून जात नाहीये. उपासनेनंतर मी वायरी गुंडाळत होते, तेव्हा मंडळीतल्या एक आजी जवळ आल्या. म्हणाल्या, "अगं, तुझं ते गाणं मला फार आवडतं. पण दुसऱ्या कडव्यातली शेवटची ओळ मी गाळते हं."

ती ओळ अशी: सारे माझे तुझिया चरणी वाहिले.

"का हो आजी?"

"वाहिलेलं नाहीये ना मी. मुलाची काळजी अजून माझ्याच उशाशी आहे. तेवढी ओळ गप्प राहते, पुढच्या कडव्याला येते परत तुमच्यात."

तक्रार नव्हती. माझं चुकलं असंही त्यांना सुचवायचं नव्हतं. आपण गाणं कसं गातो एवढंच त्या मला सांगून गेल्या. पण तेव्हापासून मला प्रश्न पडलाय की समोर उभे असलेले आणखी किती जण अशा ओळी गाळत असतील. आणि न गाळता नुसतेच ओठ हलवणारे किती?

मंगळवार

कविता वाचणारा कवीचं मन कवीचं म्हणूनच वाचतो. मंडळीच्या गाण्याचं तसं होत नाही. तिथे प्रत्येक जण 'मी' म्हणतो तेव्हा तो स्वतःबद्दल बोलत असतो, आणि तेही देवासमोर. म्हणजे मी घरी बसून एक ओळ लिहायची आणि रविवारी सगळ्यांकडून ती साक्ष म्हणून वदवून घ्यायची. कालच्या बोलण्यानंतर हे जरा धाडसाचंच काम वाटायला लागलंय.

जुन्या वह्या काढून बसले. देव कसा आहे हे सांगणाऱ्या ओळींची चिंता नाही, गाणाऱ्याचा दिवस कसाही गेलेला असो, त्या खऱ्याच राहतात. मागण्याच्या ओळीही कुणालाही म्हणता येतात, विश्वास डळमळीत असलेल्याला तर जास्तच. अडचण येते ती 'मी हे केलं, मी ते सोडलं' या ओळींची. माझ्या वह्यांत त्यांचाच भरणा आहे, आणि त्याचं कारण फारसं आध्यात्मिक नाही. वाहिले, अर्पिले, त्यागिले, सोडिले. यमकं हात जोडून रांगेत उभी असतात! जुनी क्रियापदं चालीत सुरेख बसतात आणि कानाला भक्तिमय लागतात. यमक जुळलं की आपण काय कबूल करतोय इकडे लक्षच राहत नाही.

सहज म्हणून 'वाहिले'च्या जागी 'वाहू दे' घालून पाहिलं. वाहिले पाच मात्रा, वाहू दे सहा. पण आपण गाताना 'हि' तशीही लांबवतोच, त्यामुळे 'हू' तिथे विनासायास बसला. एका मात्रेने दावा गेला आणि प्रार्थना आली.

तरी ते जुनं गाणं मी बदलणार नाही. लोकांच्या तोंडी बसलेली ओळ मागाहून बदलली की अर्धे जण जुनी गातात, अर्धे नवी, आणि दोघांनाही दुसरा चुकतोय असं वाटतं. शिवाय मंडळीत असेही आहेत ज्यांनी खरोखर वाहिलंय, किंमत मोजून वाहिलंय. त्यांच्या तोंडची ओळ मी का काढून घेऊ? आजींची तोड मला पटते: तेवढ्यापुरतं गप्प राहायचं. पुढच्या गाण्यांत मात्र लेखणी जपून चालवायची.

बुधवार

सराव. कीबोर्डवरच्या नव्या मुलाने रविवारचं एक गाणं घरून बसवून आणलं होतं. अगदी रेकॉर्डिंगमधल्यासारखं, त्याच पट्टीत, पांढरी सातमध्ये, म्हणजे पेटीची सातवी पांढरी पट्टी सा धरून. मी म्हटलं, पांढरी पाचला घे. त्याचा चेहरा पडला. "ताई, खाली घेतलं की गाण्यातली मजा जाते."

त्याचं खोटं नाही. उंच पट्टीत आवाज ताणला जातो तेव्हा जी धार येते, तिच्यासाठीच रेकॉर्डिंग त्या पट्टीत केलेलं असतं. पण तो गळा तयारीच्या गायकाचा. न शिकलेल्या गळ्यांचा मोठा समुदाय साधारण खालच्या पांढरी सहापासून वरच्या पांढरी दोनपर्यंत आरामात गातो, पुरुष त्याच सुरांवर एक सप्तक खाली. त्याच्या वर गेलं की आधी पुरुष गप्प होतात, मग मुलं इकडेतिकडे बघायला लागतात, आणि उरतो आम्ही माइकवाले. त्यात उपासना सकाळची, तेव्हा गळे अजून जड असतात. त्याला म्हटलं, तू रविवारी एक कान उघडा ठेवून वाजव. तो कानातले मॉनिटर लावतो. त्यात गिटार, ढोलक, लयीची टिकटिक सगळं स्वच्छ ऐकू येतं, फक्त मंडळी ऐकू येत नाही.

मेथडिस्ट पंथाचा प्रवर्तक जॉन वेस्ली याने 1761 मध्ये गाणाऱ्यांसाठी सात सूचना छापल्या होत्या. त्यातली एक म्हणते, अर्धमेल्यासारखं गाऊ नका, जोर लावून गा. तिच्याच पुढची म्हणते, नम्रतेने गा, इतरांच्या वरचढ ऐकू येईल असं ओरडू नका. मंडळीत गाणारे तेव्हाही असेच होते म्हणायचे. मुलाला दोन्ही वाचून दाखवल्या. दुसरी त्याने माझ्याकडे बघत ऐकली. कारटं हुशार आहे.

गुरुवार

पाळकांचा फोन. रविवारचा वचनभाग बदललाय, बायबलमधलं स्तोत्र 13 घेणार आहेत. "त्याला साजेशी गाणी बघ."

सहा वचनांचं छोटंसं स्तोत्र. पहिल्या दोन वचनांतच 'किती काळ' चार वेळा येतं. परमेश्वरा, तू मला किती काळ विसरणार, तोंड किती काळ लपवणार. आमच्या गाण्यांची यादी वरून खाली दोनदा पाहिली. आनंद, विजय, स्तुती, उपकार, पुन्हा विजय. देवाला 'किती काळ' विचारणारं एकही गाणं नाही. दीडशे स्तोत्रांपैकी निदान तिसरा हिस्सा विलापाचा आहे, आणि ती स्तोत्रं एकांतात वाचायला लिहिलेली नव्हती, त्यांतल्या कितीतरींच्या माथ्यावर 'मुख्य गवयासाठी' असं लिहिलंय. तेराव्याच्याही. मुख्य गवई म्हणजे आजच्या भाषेत मीच की! माझ्या हातात ठेवलेला कागद मी पुढे दिलाच नाही असं झालं.

तेरावं स्तोत्र शेवटी वळतं तरी, पाचव्या वचनात भरवसा येतो. अठ्ठ्याऐंशीवं वळतही नाही. ते अंधारात संपतं, आणि तरी ते गायनाच्या पुस्तकात आहे, कुणी त्याला शेवटी गोड कडवं जोडलं नाही. वधस्तंभावर प्रभूच्या तोंडी आलेले शब्दसुद्धा बाविसाव्या स्तोत्राच्या पहिल्या ओळीचे: माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?

आणि आमची भाषा तर देवाशी भांडण्यात पटाईत! तुकोबा विठ्ठलाला काय काय सुनावतात, ते सगळं घराघरांतल्या लोकांच्या ओठांवर आहे. नारायण वामन टिळक (1861–1919) म्हणत, तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो. त्याच भाषेत उपासनेत उभं राहिलो की आपण एकदम दरबारी होतो. सगळं कुशल आहे, आपली कृपा असावी.

पाळकांना परत फोन केला, म्हटलं, साजेसं गाणं नाही, लिहायला लागेल. ते म्हणाले, मग लिही. दोन दिवसांत? पण याला आधार आहे. 'अमेझिंग ग्रेस' हे प्रसिद्ध इंग्रजी भक्तिगीत पाळक जॉन न्यूटनने 1773 च्या पहिल्या जानेवारीच्या उपदेशाला जोड म्हणून आपल्या खेड्यातल्या मंडळीसाठी लिहिलं. आज ते ज्या चालीवर सगळीकडे गातात, ती त्या शब्दांना जोडली गेली 1835 मध्ये. न्यूटनने ती चाल त्या शब्दांना लागलेली कधी ऐकलीच नाही. त्याला त्या आठवड्याच्या उपासनेसाठी गाणं हवं होतं, तेवढंच.

शुक्रवार

सकाळी एक ओळ सुचली. संध्याकाळी खोडली. फार सुंदर होती, माझीच मला ऐकत बसावीशी वाटायला लागली होती.

जुन्या काळचा ख्रिस्ती धर्मपंडित ऑगस्टीन, त्याला याचंच भय वाटायचं. जे गायलं जातंय त्यापेक्षा गाण्यानेच मन जास्त हललं तर आपण पाप केलं असं त्याने लिहून ठेवलंय, अशा वेळी ते न ऐकलेलं बरं वाटतं असंही. पण तोच पुढे गाण्याची बाजू घेतो, कारण विश्वासात नवा असताना मंडळीची गाणी ऐकून आपण रडलो होतो हे तो विसरला नव्हता. सोळाशे वर्षं होऊन गेली तरी ह्या वादाचा निकाल नाही. मी दोन्ही पक्षांत आहे.

शनिवार

गाणं झालं. झालं म्हणजे उद्या गाता येईल इतपत झालं.

ध्रुवपद 'किती काळ' एवढ्यावरच ठेवलं, चार वेळा, प्रत्येक वेळी एक सूर खाली उतरत. भावनेचा उंच झोका मुद्दाम टाळला, विचारून विचारून थकलेला माणूस वर चढत जात नाही. कडवी दोनच. दुसऱ्यात स्तोत्राच्या पाचव्या वचनातला भरवसा आणायचा होता. 'मी भरवसा ठेविला' असं लिहून झालं, चालीतही बसलं, आणि आजी आठवल्या. शेवटी 'तुझ्या दयेवरी मला टेकू दे' असं ठेवलं. स्तोत्रकर्त्याने ठामपणे म्हटलंय आणि मी ते मागणं केलंय, हे मला ठाऊक आहे. उद्या त्याचे मूळ शब्द पाळक वाचणारच आहेत. ज्याला म्हणता येईल तो वाचनाबरोबर म्हणेल, ज्याला येणार नाही त्याच्यासाठी गाणं आहे.

रात्री गटाला फोनवर चाल पाठवली. ढोलकवाल्याचा निरोप आला, "ध्रुवपद इतक्यांदा? लोक कंटाळतील." स्तोत्र 136 बघ म्हटलं, सव्वीस वचनं आणि सव्वीसही वेळा 'त्याची दया सनातन आहे'. त्यावर त्याने फक्त अंगठा पाठवला. तो पटलेला अंगठा आहे की वाद नको म्हणून आलेला, कळायला मार्ग नाही. पुनरुक्तीचं मला मुळीच वावडं नाही, पण जिथे सांगायचं संपलं म्हणून तीच ओळ घोळवली जाते ते मला ऐकवत नाही. एखादी ओळ दहाव्या वेळी पहिल्यापेक्षा जड होत असेल तर ती दहा वेळा म्हणावी.

रविवार

नवं गाणं उपदेशाच्या आधी घेतलं. पहिल्यांदा मी एकटीने, मग सगळ्यांनी. पट्टी पांढरी चार, ठेका संथ, ढोलक नाही, नुसता कीबोर्ड. मुलाने खरंच एक कान उघडा ठेवला होता. पहिल्या ध्रुवपदाला लोक बिचकले, उपासनेत हे म्हणायचं असतं का, असे चेहरे. दुसऱ्या वेळेला मागच्या बाजूने पुरुषांचे आवाज आले, आमच्याकडे हे सहसा होत नाही. तिसऱ्याला मी माइकपासून मागे सरले.

सगळ्यांना आवडलं नाही. एक ज्येष्ठ सभासद नंतर बोललेच, "आठवडाभराचं दुःख घेऊन माणसं येतात, त्यांना इथे तरी उत्साह द्या." त्यांच्याशी वाद घातला नाही. काही जणांना खरंच उभारी हवी असते आणि ती गाणी आम्ही आजही घेतली, शेवटी, टाळ्यांसकट. पण दुःख घेऊन आलेल्या माणसाला दारातच ते खाली ठेवायला लावायचं आणि मग गा म्हणायचं, हे मला जमत नाही. पुढच्या महिन्यातही एक विलाप घेणार आहे, हे पाळकांना सांगून टाकलं. ते हो म्हणाले, उत्साहाने म्हणाले असं नाही.

कीबोर्डवरच्या मुलाला पुढच्या वेळी दोन गाणी पुढे उभं राहून घ्यायची आहेत. घे म्हटलं. पट्टी मात्र मी ठरवणार.

आजी निघताना भेटल्या. नव्या गाण्याबद्दल काहीतरी बोलतील म्हणून मी कान टवकारले होते. त्या म्हणाल्या, "पडद्यावरची अक्षरं मोठी करा गं. मागून काही दिसत नाही, आणि तुम्ही एका वेळी चार-चार ओळी कोंबता." स्लाइड करणाऱ्याला लगेच सांगितलं, यापुढे दोनच ओळी, जाड अक्षरात, आणि ओळ गाऊन संपायच्या आत पुढची यायला हवी. त्याने विचारलं, मागचं डिझाइन जाईल ना मग? जाऊ दे.