वहीत सापडलेले अकरा चॅनेल

माझी आई देवरुखजवळच्या एका वाडीत एकटी राहते. वय ७३. बाबांना जाऊन चौथं वर्ष चालू आहे. मी पुण्यात नोकरी करते आणि दर महिन्याला तिच्या डिशचा रिचार्ज इथूनच फोनवर करते. गेल्या वर्षी, २०२५ च्या दिवाळीच्या तोंडावर, रिचार्ज करताना पहिल्यांदा आकड्याकडे नीट लक्ष गेलं. ५८७ रुपये ६४ पैसे. बाबा हा व्यवहार बघायचे तेव्हा २०१९ साली साडेतीनशेच्या आत काम भागत होतं. मधल्या काळात रक्कम वाढत गेली आणि मी बटण दाबत राहिले.

दिवाळीला गावी गेल्यावर पहिलं काम म्हणून कंपनीकडून महिन्याचा तपशील मागवला. त्यात तीनच ओळी होत्या. नेटवर्क शुल्क १६० रुपये, चॅनेलचे ३३८, आणि या दोन्हींवर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ८९ रुपये ६४ पैसे. एकूण चॅनेल दोनशे चाळीसच्या पुढे.

यातलं नेटवर्क शुल्क आधी समजून घेतलं. फेब्रुवारी २०१९ मध्ये ट्रायची, म्हणजे दूरसंचार आणि टीव्ही प्रसारणाचे नियम ठरवणाऱ्या संस्थेची, नवी दरपद्धत सुरू झाली, तेव्हा पहिल्या शंभर चॅनेलसाठी जास्तीत जास्त १३० रुपये घेता येत. त्यावर कर धरून १५३ रुपये ४० पैसे. हा आकडा त्या वर्षी घराघरात तोंडपाठ झाला होता. पुढच्या वर्षी त्याच १३० मध्ये दोनशे चॅनेल आले आणि त्याहून जास्त हवे असतील तर १६० ची मर्यादा ठरली. जुलै २०२४ मध्ये ही मर्यादाच उठली. आता दर जाहीर करायचा, पण किती ठेवायचा ते कंपनीनं ठरवायचं. म्हणजे एकही पैसेवाला चॅनेल न बघता नुसत्या जोडणीसाठी आई करासकट १८८ रुपये ८० पैसे देत होती.

मग ३३८ रुपयांकडे वळले. त्यातला मोठा भाग एचडी चॅनेलचा होता. बाबांनी हौसेनं एचडी पॅक घेतला होता. मी टीव्हीच्या मागे हात घालून पाहिलं, तर बॉक्सपासून टीव्हीपर्यंत लाल, पिवळी आणि पांढरी अशी जुनी तीन तोंडांची वायर. या वायरीतून एचडी चित्र येतच नाही. त्यासाठी एचडीएमआय वायर लागते. जुना टीव्ही बिघडून नवा आला तेव्हा कोणीतरी हाताला लागेल ती वायर जोडून गेलं होतं. तेव्हापासून आम्ही एचडीचे पैसे भरत होतो आणि साधं चित्र बघत होतो. मला फार वाईट वाटलं. बाबा जायच्या आदल्या वर्षी डोळे बारीक करून धावफलक वाचायचा प्रयत्न करायचे, ते आठवलं.

मी तिथल्या तिथे ठरवून टाकलं की एचडी बंद आणि सगळे खेळाचे चॅनेलही बंद. मालिका, बातम्या आणि कीर्तन एवढं आईला पुरे. आई म्हणाली, "असं परस्पर नको ठरवूस. मी काय बघते ते आधी बघ."

तिनं एक जुनी शंभर पानी वही काढली. रोज रात्री झोपताना त्या दिवशी काय पाहिलं ते लिहायचं ठरलं. मी पुण्याला परतले आणि नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवार-रविवारी पुन्हा गेले, तेव्हा वही जवळजवळ चाळीस दिवसांची झाली होती. माझ्या हिशेबाला तोपर्यंत काही अर्थ नव्हता, हे तिथे कळलं.

मालिका दोन चॅनेलवरच्या, झी मराठी आणि स्टार प्रवाह. सकाळी सह्याद्री. दुपारी जेवताना एक बातम्यांचा चॅनेल, तोही वीस मिनिटं. भक्तीचा एक, जुन्या हिंदी गाण्यांचा एक, मराठी चित्रपटांचे दोन, बिबटे-वाघ दाखवणारा एक. आणि महिलांच्या वर्ल्ड कपच्या दिवसांतल्या, ३० ऑक्टोबरच्या पानावर तिच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं: "पोरींची मॅच, ऑस्ट्रेलिया. जेमिमा नाबाद १२७. रात्री उशीर झाला." पुढचं २ नोव्हेंबर: "जिंकलो. ५२ धावांनी. ह्यांची आठवण आली."

खेळाचे चॅनेल बाबांचे, असं मी धरून चालले होते. ते तिचेही होते. २०११ च्या फेब्रुवारीत वर्ल्ड कपसाठी बाबांनी ही डिश घरावर चढवली, त्या आधी आमच्या वाडीत सह्याद्री आणि दिल्ली दूरदर्शन यांपलीकडे काही दिसत नसे. वानखेडेवरची २ एप्रिलची फायनल आमच्या पडवीत वीस-बावीस माणसांनी पाहिली. आई चहा करता करता दारातून बघत होती, एवढंच मला आठवत होतं. ती तेव्हापासून सगळं बघतेच आहे.

तर चॅनेल झाले अकरा. क्रिकेटचे दोन धरून. दोनशे चाळीसपैकी अकरा.

आता हे अकरा कुठून घ्यायचे, यावर मी एक अख्खा दिवस घालवला.

आधी डिशच्याच कंपनीत प्रयत्न केला. त्यांच्या अ‍ॅपवर पॅकच पॅक. एकेक चॅनेल निवडायची सोय होती, पण चार पानं आत जाऊन. ते निवडत गेले तेव्हा एक गोष्ट उमगली. सुटे चॅनेल घेतले की दर चढा पडतो, आणि तोच चॅनेल गुच्छात घेतला की बरोबर नको असलेले सात-आठ येतात, पण एकूण रक्कम कमी होते. नियमच असा आहे. १९ रुपयांपर्यंतचा चॅनेल गुच्छात घालता येतो आणि सुट्या दरांच्या बेरजेवर वाहिन्यांच्या मालकांना ४५ टक्क्यांपर्यंत सवलत देता येते. त्यामुळे "हवं तेवढंच घ्या, तेवढ्याचेच पैसे द्या" हे २०१९ मध्ये ऐकलेलं वाक्य प्रत्यक्षात अर्धंच खरं आहे. ज्याला एकाच मालकाचे तीन-चार चॅनेल हवेत त्यानं गुच्छ घ्यावा, एखादाच हवा असेल तर सुटा. आईला दोन गुच्छ आणि तीन सुटे असा मेळ बसला. एचडी वगळून डिशवर ही रक्कम साडेचारशेच्या वर जात होती.

शेजारच्या घरी फ्री डिश आहे. प्रसारभारतीची, २००४ पासूनची. एकदा दीड-दोन हजार खर्च केले की पुढे महिन्याला काही नाही. शेजारच्या काकी म्हणाल्या, "आमचं काही अडत नाही." त्यांचं खरंच अडत नाही. पण तिथे खासगी चॅनेल लिलावात जागा विकत घेऊन येतात, त्यामुळे आज आहे तो पुढच्या वर्षी असेलच असं नाही, आणि आईच्या दोन मालिका तिथे मिळत नव्हत्या. भारताच्या काही सामन्यांचं प्रक्षेपण कायद्यानं दूरदर्शनला वाटून द्यावं लागतं, ते फ्री डिशवर दिसतं. सगळे दिसत नाहीत.

राहिली केबल. आमच्या वाडीत पूर्वी केबलची वायर पोचतच नव्हती, बाजारपेठेत संपायची. दोन वर्षांपूर्वी इंटरनेटसाठी फायबर आली आणि तिच्याबरोबर केबलही. केबलवाला मुलगा गावातलाच, आईला काकू म्हणतो. त्यानं घरी येऊन वही पाहिली, एकेका चॅनेलपुढे दर लिहिला आणि खाली बेरीज केली. नेटवर्क १३०, चॅनेल १५०, कर ५० रुपये ४० पैसे. एकूण ३३० रुपये ४० पैसे. बॉक्सचे १,३०० आणि जोडणीचे ३५० एकदाच.

तरी मी लगेच हो म्हटलं नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये वाहिन्यांचे मालक आणि केबलवाले यांच्यात नव्या दरांवरून वाद झाला, तेव्हा संगमेश्वरला मावशीकडे काही दिवस मोठे चॅनेल एकदम गायब झाले होते. डिशवाल्यांकडे ते चालू होते. मी हे त्याला विचारलं. तो म्हणाला, "ताई, ते आमच्या हातात नव्हतं, वरून सिग्नल बंद झाला. परत होणार नाही असं मी खोटं सांगणार नाही." त्याच्या या उत्तरानं माझा विश्वास बसला.

दुसरा प्रश्न पावसाचा. कोकणात टीव्हीचा विचार पावसाला सोडून करताच येत नाही. जुलैत आमची डिश दिवसातून चार-पाच वेळा "सिग्नल नाही" म्हणते. घरावरच्या छोट्या तबकडीला येणारा सिग्नल केयू बँड या लहरींच्या पट्ट्यातला, दहा गिगाहर्ट्झच्या वरचा. जोरदार सर त्याला शोषून घेते. केबलचा सिग्नलही मुळात उपग्रहावरूनच येतो, पण तो कंट्रोल रूमवरच्या मोठ्या तबकड्यांवर, सी बँडमध्ये, चार गिगाहर्ट्झच्या आसपास. त्याला पावसाचा त्रास फार कमी. तिथून पुढे वायर. म्हणून पावसात केबल टिकते. पण फांदी पडून वायर तुटली किंवा मधल्या जोडणीच्या ठिकाणची वीज गेली की केबल जाते, आणि आपल्या घरात इन्व्हर्टर असूनही उपयोग नसतो. डिशला तेवढी अडचण नाही. घरात वीज असली आणि आभाळ मोकळं असलं की ती चालते.

हे ऐकल्यावर आईनंच मार्ग काढला. "मग जुनी तबकडी काढू नका. तिला फ्री डिशकडे वळवा." म्हणजे पावसात केबल आणि केबल गेली तर फ्री डिश. केबलवाल्यानं बाजारातून एक माणूस बोलावला. आमच्याकडून पाहिलं तर हे सगळे उपग्रह आग्नेयेच्या बाजूला आहेत. जुन्या उपग्रहाकडून ९३.५ अंश पूर्व रेखांशावरच्या जीसॅट-१५ या फ्री डिशच्या उपग्रहाकडे तबकडी वळवायला त्याला पाऊण तास लागला, कारण मधे माडाची झावळी येत होती. ती तोडावी लागली. नवा बॉक्स आणि मजुरी मिळून १,४०० रुपये गेले.

जुना बॉक्स मात्र निव्वळ वाया गेला. विकत घेतलेला, आमच्या मालकीचा, चालू स्थितीतला. पण एका कंपनीचा बॉक्स दुसऱ्या कंपनीकडे चालत नाही. कोणताही बॉक्स कुठेही चालावा अशी शिफारस ट्रायनं एप्रिल २०२० मध्ये सरकारला केली होती. मोबाइलचा नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते, मग स्वतःच्या पैशानं घेतलेल्या बॉक्सवर माणसाचा एवढाही हक्क नसावा, हे मला अजिबात पटत नाही. कंपनी बदलायची म्हटली की पुन्हा हजार-दीड हजार घालावे लागतात, आणि म्हणूनच बरेच लोक वाढलेलं बिल भरत राहतात. आम्हीही भरतच होतो.

एकूण खर्च ३,०५० झाला. महिन्याला २५७ रुपये वाचतात, म्हणजे वर्षभरात तो भरून निघेल.

पैशाचं गणित असं जमलं, पण पुढचे पंधरा दिवस आईला फार जड गेले. त्याची मला आधी कल्पना नव्हती. चौदा वर्षं तिच्या बोटांना चॅनेलचे नंबर पाठ होते, दिवा न लावता ती मालिका लावायची. केबलवर सगळे नंबर वेगळे. त्यात आता रिमोट तीन. रोज संध्याकाळी साडेसातला तिचा फोन यायचा, "अगं, आपलं मराठी कुठे गेलं?" एकदा तिनं भलतंच बटण दाबलं, टीव्हीवर निळा पडदा आला आणि ती तशीच दोन दिवस बसून राहिली. मला त्रास नको म्हणून कळवलंही नाही. एकट्या राहणाऱ्या माणसाच्या घरात संध्याकाळी बोलणारा आवाज बंद होणं म्हणजे काय, हे मला त्या दोन दिवसांचं ऐकून समजलं. केबलवाला मुलगा वाटेवरून जाताना सहज डोकावला म्हणून तिसऱ्या दिवशी टीव्ही सुरू झाला. त्यानं अकराही चॅनेल आवडीच्या यादीत घालून दिले, एका बटणावर ओळीनं येतील असे. मी पुठ्ठ्यावर मोठ्या आकड्यांत नंबर लिहून टीव्हीखाली चिकटवले आणि नको असलेल्या बटणांवर पट्टी लावली. कोणाच्या घरी वयस्कर माणसासाठी असा बदल करायचा असेल तर जुनं कनेक्शन आणि नवं असा एक महिना दोन्ही राहू द्यावं. मी ते केलं नाही, करायला हवं होतं.

जानेवारीत आईचा फोन आला. आवाजात वेगळीच तरतरी होती. दोन चित्रपटांच्या चॅनेलपैकी एकावर तेच तेच सिनेमे लागतात, म्हणून तिनं पैसे घ्यायला आलेल्या मुलाला तो बंद करायला लावला होता. बारा रुपयांचा चॅनेल, कर धरून चौदा रुपये सोळा पैसे.

"आता तीनशे सोळा रुपये चोवीस पैसे," ती म्हणाली. "वहीत लिहून ठेवलंय."