दोन पट्ट्या, एकच माणूस

"ही सायनस पॉज दिसतेय. बीटा ब्लॉकरची गोळी चालू आहे का विचारा," ईसीजीची पट्टी बाजूला सारत डॉक्टर मॅडम म्हणाल्या. दुसरी पट्टी चष्म्याजवळ धरली. "याला मात्र मोबिट्झ टू ब्लॉक आहे. पेसमेकर लागेल."

माझ्या पोटात गोळा आला. पहिलं निदान म्हणजे ठोक्याचा इशारा देणारी जागाच क्षणभर थांबलेली, दुसरं म्हणजे इशारा निघाला पण वाटेत अडला. दोन्ही पट्ट्या एकाच माणसाच्या, त्याच दहा सेकंदांच्या होत्या. दुसरी मूळ, पहिली माझ्या कॉम्प्रेशनमधून, म्हणजे डेटा आटवणाऱ्या प्रोग्राममधून, जाऊन परत उलगडलेली.

काम होतं छातीवर चिकटवायच्या ईसीजी पॅचचं. तीन लीड (हृदयाच्या सिग्नलच्या तीन वाहिन्या), सेकंदाला 250 नमुने, प्रत्येकी दोन बाइट. दिवसाचे जवळपास 130 एमबी. ते सगळं रेडिओवरून पाठवत बसलं तर बॅटरीचा जीव जातो. मी शक्कल काढली होती: क्यूआरएसचं, म्हणजे ठोक्याच्या उंच सुळक्याचं, टोक सापडलं की त्याच्या आसपास सढळ हाताने बिट द्यायचे, मधल्या 'रिकाम्या' भागात कंजुषी करायची. चाचणी एमआयटी-बीआयएच या ईसीजी नोंदींच्या संग्रहावर. बॉस्टनला 1975 ते 1979 दरम्यान नोंदवलेली 48 रेकॉर्ड, प्रत्येकी अर्ध्या तासाची. या पट्ट्या त्यातल्या 231 क्रमांकाच्या.

मॅडमनी पेन्सिलीने मूळ पट्टीवरचा एक बारीक उंचवटा दाखवला. ठोका पडलेला नाही, पण पी लहर, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्याची खूण, वेळेवर आलेली. वरच्या कप्प्याने हाक दिली, खालच्याने ऐकलीच नाही; निदान एवढ्यावरच ठरतं. उंची मोजून एखाद-दोन बारीक चौकोन. शेजारी क्यूआरएस नव्हता, म्हणून माझ्या प्रोग्रामने ती जागा रिकामी धरली आणि सपाट करून टाकली.

पण पीआरडी, म्हणजे मूळ आणि उलगडलेल्या पट्टीतल्या फरकाची टक्केवारी, तर एक टक्क्याच्या आत होती! रात्री कोड उघडला. या फायलींत शून्य व्होल्ट 1024 या आकड्याने लिहिलेलं असतं. ते वजा करायचं मी विसरलो होतो, त्यामुळे भागाकाराचा छेद फुगून चूक चिमुकली दिसत होती. वजा केल्यावर टक्केवारी थेट दोन आकडी. अर्थात हिशेब बरोबर असता तरी पी लहरीसाठी तो ओरडला नसताच. एवढीशी लहर क्यूआरएसच्या ढिगात कुठे दिसणार?

नवा नियम केला: अपेक्षित वेळेत ठोका आला नाही, तर तो तुकडा जसाच्या तसा पाठवायचा.

आढावा बैठकीत साहेबांनी विचारलं, "म्हणजे पेशंट जेवढा आजारी, तेवढी बॅटरी लवकर संपणार?"

"हो सर."