सेमीफायनलच्या आधीचं ताट

२०२३च्या विश्वचषकातली भारताची सेमीफायनल मुंबईत होणार की कोलकात्यात, हे बरेच दिवस ठरत नव्हतं. समोर पाकिस्तान आला तर ईडन गार्डन्स, दुसरा कुणीही आला तर वानखेडे, अशी अट होती. ९ नोव्हेंबरच्या गुरुवारी बंगळूरला न्यूझीलंडने श्रीलंकेला हरवलं. पाकिस्तानला पुढे यायला आता अशक्यच वाटावा इतका मोठा विजय हवा होता. दुसऱ्या दिवशी, ऐन धनत्रयोदशीला, साहेब माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाले, "अगं, आपली तिकिटं खरी झाली. आता त्या दिवशीच्या जेवणाचं तेवढं तू बघ."

आमचा भोसरीला कारखाना आहे. दूध डेअऱ्यांना लागणाऱ्या स्टेनलेस स्टीलच्या टाक्या आणि पाइपलाइनी आम्ही बनवतो, आणि मी विक्री विभागात आहे. सामन्याला येणारे पाहुणे तिघं. न्यूझीलंडहून आलेले एक वयस्क इंजिनिअर, त्यांच्याच कंपनीतली एक तरुण सहकारी, आणि मेहसाण्याचे एक डेअरीवाले शेठ, आमचे जुने ग्राहक. शेठ धर्माने जैन, आणि चातुर्मास कडक पाळणारे. त्या वर्षी अधिक श्रावणामुळे चातुर्मास पाच महिन्यांचा होता आणि कार्तिकी पौर्णिमेला, म्हणजे २७ नोव्हेंबरला संपणार होता. सामना १५ला.

जेवणाची जागा ठरवताना लोक आधी नाव बघतात. मी आधी घड्याळ बघते. सामना दुपारी दोनला, नाणेफेक दीडला. गेटवरची रांग, झडती आणि जिने धरले तर बाराच्या सुमारास टेबल सोडायलाच हवं. शेठ सूर्यास्तानंतर पाणीसुद्धा घेत नाहीत. नोव्हेंबरच्या मध्याला मुंबईत सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि सामना रात्री दहाच्या पुढे जाणार. स्टेडियमवर काय मिळतं? वडापाव, समोसा. दोन्हींत बटाटा, म्हणजे शेठना दोन्ही बंद. बाहेरचं खाणं आत नेता येत नाही. तेव्हा हे ब्रंच म्हणजे त्यांचं दिवसाचं खरं जेवण होतं आणि पुढचं थेट दुसऱ्या दिवशी सकाळी. उलट न्यूझीलंडचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेसात तास पुढे. दोघंही आदल्या रात्रीच उतरलेले. आपल्या अकराला त्यांच्या पोटात संध्याकाळचे साडेसहा वाजलेले असणार, म्हणजे त्यांनाही भूक जेवणाची, टोस्ट-ऑम्लेटची नव्हे.

चर्चगेटच्या आसपास खाण्याची ददात नाही. वीर नरिमन रोडवरचं १९५६चं गेलॉर्ड आहे, बॅलार्ड इस्टेटमधलं ब्रिटानिया आहे, जरा पुढे धोबी तलावाला १९०४पासूनचं कयानी आहे. साहेबांचा कल ब्रिटानियाकडे होता, बेरी पुलाव परदेशी पाहुण्यांना नक्की आवडला असता. पण जिथे एकाच स्वयंपाकघरात मटण शिजतं तिथे शेठ पाणी पितील, जेवणार नाहीत. मरीन ड्राइव्हवरच्या मोठ्या हॉटेलांचा बुफेही मी त्याच कारणाने सोडला. बुफेत शाकाहारी पदार्थ खूप असतात, पण शेजारच्या भांड्यातला डाव इकडे कधी येईल याचा भरवसा नसतो. आणि ज्या पाहुण्याला प्रत्येक झाकण उघडून "यात काय आहे?" विचारावं लागतं, त्याला आपण जेवायला बोलावलं असं मी मानत नाही.

उरली गुजराती थाळी. मला हवं होतं ते थाळीघर स्टेशनपासून जवळ, जुनं, शुद्ध शाकाहारी. अडचण दोन. बारा वाजल्याशिवाय ते उघडत नाही, आणि १५ तारखेला भाऊबीज. निम्मे वाढपी आणि भटारखान्यातली माणसं गावी गेलेली. जागेचं नाव मी लिहीत नाही, कारण त्यांनी जे केलं ते त्यांच्या नियमाबाहेरचं होतं आणि उद्या कुणी त्याचा दाखला देऊन त्यांच्या मागे लागू नये.

मॅनेजर साठीच्या घरातले. फोनवर मी वेळेचं सांगितलं तर काही बोलले नाहीत. पाहुणे जैन आहेत म्हटल्यावर मात्र त्यांचा आवाजच बदलला.

"बेन, चातुर्मास पाळतात?"

"पाळतात."

"म्हणजे पालेभाजी बंद. ढोकळ्यावर कोथिंबीरसुद्धा नाही घालणार. पात्रा नाही, अळूचं पान आलं त्यात. आल्याच्या जागी सुंठ. द्विदळ पाळतात?"

हे मी त्यांच्याकडूनच शिकले. कच्चं दूध, दही, ताक आणि डाळ किंवा बेसन एकत्र आलं तर कडक पाळणाऱ्यांना चालत नाही. मी शेठच्या मुलाला फोन करून विचारलं. पाळतात म्हणाला. मॅनेजरना कळवलं तसं ते म्हणाले, "मग त्यांच्या ताटात श्रीखंड नाही, ताक नाही. बासुंदी देऊ, ती उकळलेल्या दुधाची. तुम्ही पावणेअकराला या. आचारी महाराज नऊला येतील, मी बोलतो त्यांच्याशी."

मला त्या क्षणी काम झाल्यासारखं वाटलं. पदार्थ कसे लागतील हा पुढचा प्रश्न होता. पाहुण्याच्या वतीने विचार करणारा माणूस भटारखान्याच्या दाराशी उभा असणार, एवढं मला पुरेसं होतं.

भाऊबीजेच्या सकाळी दादरला भावाला सात वाजताच ओवाळलं. ताटातलं निरांजन विझायच्या आत तो म्हणाला, "ताई, आज ओवाळणी म्हणून एक तिकीट दे!" त्याला रात्री येऊन सगळं सांगायचं कबूल केलं आणि निघाले. पाहुण्यांना आदल्या दिवशीच निरोप दिला होता: बॅग, बाटली, पॉवर बँक काही आणू नका, फोन आणि तिकीट पुरे.

इंजिनिअर साहेब न्यूझीलंड संघाची काळी जर्सी घालून आले. मॅनेजरनी ती बघितली आणि हसून खुर्ची ओढून दिली. ताटं मांडली गेली. वाढप्यांना मी आधीच सांगून ठेवलं होतं की परदेशी पाहुण्यांना थोडं थोडं, नाव सांगून वाढा, आणि नको म्हटलं की थांबा. थाळीत आग्रह हा मान असतो, पण नवख्या माणसाला त्याची धास्ती बसते. त्या मुलीला तिखट चालत नव्हतं. तिच्यासाठी डाळ साधी, कढी गोडसर. शेठच्या ताटात बटाट्याऐवजी कच्च्या केळ्याची सुकी भाजी, दुधीचे मुठिये, फुलके, डाळ-भात. ढोकळा बाकी सगळ्यांच्या ताटात कोथिंबीर भुरभुरलेला, त्यांच्या ताटात फक्त मोहरीच्या फोडणीचा. शेठनी ढोकळ्याकडे बघितलं, मग मॅनेजरकडे बघितलं, आणि काही न विचारता पहिला घास घेतला. कुणी त्यांना सांगितलं नव्हतं की इथे सगळं पाळलं आहे.

धंद्याचं बोलायचं नाही असं ठरलं होतं. तशीही लाभपाचम, म्हणजे गुजराती व्यापाऱ्यांचा दिवाळीनंतर काम सुरू करायचा मुहूर्त, १८ला होती आणि त्याआधी शेठ कुठल्याही कागदाला हात लावत नाहीत. गप्पा सुरू झाल्या त्या एजाज पटेलवरून. मुंबईत जन्मलेल्या या न्यूझीलंडच्या फिरकीपटूने २०२१च्या डिसेंबरात याच वानखेडेवर भारताचे दहाच्या दहा बळी घेतले होते, ११९ धावांत. काळ्या जर्सीवाल्यांना तो आकडा तोंडपाठ. शेठही त्या दिवशी टीव्हीसमोर होते.

मग श्रीखंडाची वाटी आली. इंजिनिअर साहेबांनी एक चमचा चाखला आणि विचारलं, हे कसं करता? समजावून सांगितलं ते शेठनी, ज्यांच्या ताटात श्रीखंडच नव्हतं. घरी दही फडक्यात टांगून पाणी निथळू देतात, उरतो तो चक्का. त्यात साखर, वेलची. डेअरीत एवढं दही टांगणार कुठे? तिथे यंत्र वेगाने फिरवून पाणी वेगळं काढतात, त्याला क्वार्ग सेपरेटर म्हणतात. क्वार्ग म्हटल्याबरोबर इंजिनिअर साहेब खुर्चीत पुढे सरकले. हे यंत्र त्यांच्या ओळखीचं. निघालेल्या पाण्याचं तुम्ही काय करता? शेठ म्हणाले, बरंचसं सोडून देतो. "सोडून देता?" असं म्हणून त्यांनी चमचा खाली ठेवला. न्यूझीलंडमध्ये त्या पाण्यातल्या प्रथिनांची पावडर करून जगभर विकतात. पुढची वीस मिनिटं ताटाशेजारी कागदी रुमालावर पाइप आणि टाक्या उमटत राहिल्या. साहेबांनी माझ्याकडे बघितलं, मी घड्याळाकडे. बारा वाजून गेले होते.

चालत निघालो. गाडीचा विचार त्या दिवशी कुणी करूच नये. सगळा रस्ता निळा झाला होता, आणि आमच्यातल्या काळ्या जर्सीशी पोरं हस्तांदोलन करत होती. आत सचिनचा पुतळा अवघ्या दोन आठवड्यांपूर्वी, १ नोव्हेंबरला बसवलेला, अहमदनगरच्या प्रमोद कांबळेंनी घडवलेला. पाहुण्यांनी तिथे फोटो काढले.

सामना सगळ्यांना पाठ आहे. ऊन असं होतं की ७९वर खेळणाऱ्या गिलच्या पायात गोळे आले आणि त्याला आत जावं लागलं. ताटात ताक आणि मीठ होतं याचं मला तेव्हा फार बरं वाटलं. कोहलीने पन्नासावं शतक केलं आणि सचिन बसला होता त्या दिशेने वाकून नमस्कार केला, तेव्हा शेजारच्या काळ्या जर्सीनेही उभं राहून टाळ्या वाजवल्या. भारताचा डाव संपत आला तसे शेठ उठले, खाली जाऊन पाणी पिऊन आले, आणि रात्री साडेदहापर्यंत जागचे हलले नाहीत. मिचेल आणि विल्यमसन खेळत होते तोवर आमच्या रांगेत कुणी बोलत नव्हतं. शमीने एकाच षटकात विल्यमसन आणि लॅथमला घालवल्यावर कुठे श्वास सुटला. सात बळी, सत्तावन्न धावा.

बाहेर पडताना मी शेठना विचारलं, भूक लागली असेल ना? म्हणाले, "नाही बेन, सकाळचं अजून आहे." न्यूझीलंडच्या दोघांची मात्र पहाट झाली होती. त्यांच्या खोल्यांत सूप आणि सँडविच ठेवायला हॉटेलला सांगितलेलंच होतं.

शनिवारी लाभपाचमेला सकाळी शेठचा फोन आला. वही उघडून पूजा झाली होती. तो कागदी रुमाल त्यांच्याकडेच होता, आणि दह्याच्या पाण्याच्या टाक्यांचं दरपत्रक त्यांना सोमवारपर्यंत हवं होतं.