इचिरो: हिट्स बाजूला ठेवून राइट फील्डकडे बघा

बेसबॉलमध्ये जपानच्या इचिरो सुझुकीचं नाव निघालं की गाडी लगेच हिट्सवर, म्हणजे बेस मिळवून देणाऱ्या फटक्यांवर, जाते. साहजिकच आहे. जपानमध्ये १२७८, अमेरिकेत ३०८९, आणि २००४ साली एकाच मोसमात २६२. जॉर्ज सिस्लरचा २५७ चा विक्रम १९२० पासून तसाच पडून होता, तो त्यात गेला. पण आउटफिल्डर (बेसच्या पलीकडे, लांब मैदानात उभा राहणारा खेळाडू) इतकी वर्षं टिकतो कशावर, हे समजून घ्यायचं तर त्याचे पाय आणि उजवा हात बघायला हवेत.

११ एप्रिल २००१, ओकलंड. सिॲटल मरिनर्स या अमेरिकन संघाकडून त्याचा पहिला सामना होऊन दहा दिवससुद्धा झाले नव्हते. आठवी इनिंग, पहिल्या बेसवर ओकलंडचा टेरेन्स लाँग. रामोन हर्नांडेझने राइट फील्डला, म्हणजे बॅटरच्या उजवीकडच्या आउटफील्डला, सिंगल (एका बेसचा फटका) मारली आणि लाँग दुसरा बेस ओलांडून तिसऱ्याकडे सुटला. त्याचं काही चुकलं नव्हतं. राइट फील्डपासून तिसरा बेस सर्वांत लांब, त्यामुळे अशा फटक्यावर दोन बेस घेणं हा नेहमीचा हिशेब. इचिरोने पुढे धावत येऊन चेंडू उचलला आणि फेकला. टप्पा नाही, कमान नाही. तिसऱ्या बेसवर डेव्हिड बेलने ग्लोव्ह खाली आणला तेव्हा लाँग अजून बेसच्या अलीकडेच होता: आउट.

संघातला सर्वांत जोरकस हात राइट फील्डला ठेवतात तो याच थ्रोसाठी. इचिरो शाळेत पिचर (बॅटरला चेंडू टाकणारा) होता, हे इथे कामी आलं. (२०१५ च्या मोसमातल्या शेवटच्या सामन्यात मायामी मार्लिन्स या त्याच्या तेव्हाच्या संघाने त्याला खरंच एक इनिंग पिचिंगला उभं केलं होतं.)

पण नुसत्या ताकदीने असा थ्रो निघत नाही. जमिनीवरून येणारा चेंडू उजव्या हाताने फेकणारा खेळाडू डाव्या पायाच्या बाजूला घेतो. मग क्रो हॉप: उजवा पाय छोटी उडी मारून लक्ष्याला आडवा टेकतो, खांदा वळतो, डावा पाय सरळ लक्ष्याकडे पडतो. धावण्याचा सगळा वेग थ्रोमध्ये जातो तो या उडीतून. उडी लांब झाली की रनरला दोन पावलं फुकट मिळतात. घाईत टाळली तर सगळा भार एकट्या खांद्यावर येतो. चेंडू ग्लोव्हमधून काढतानाच बोटं शिवणीवर आडवी बसायला हवीत, म्हणजे तो सरळ जातो. शिवणीच्या लांबीने धरला तर शेवटी बाजूला वळतो आणि तिसऱ्या बेसवरच्या खेळाडूला बेस सोडून त्याच्यामागे जावं लागतं. आउटफिल्डरचा ग्लोव्ह मोठा, बहुधा पावणेतेरा इंचांच्या आसपास, आणि खोल असतो. चेंडू अडकायला उत्तम, पण तितकाच हाताला लागायला उशीर करणारा. म्हणून ही बोटांची सवय घोटावी लागते.

सर्वांत जास्त होणारी चूक मात्र उंचीची. थ्रो वाटेत अडवायला मध्ये उभ्या असलेल्या कटऑफ खेळाडूच्या डोक्यावरून गेला की तो अडवता येत नाही आणि फटका मारणारा आरामात दुसऱ्या बेसवर पोचतो. प्रेक्षक टाळ्या वाजवतात, कोच कपाळावर हात मारतो.

झेलाचं गणित पहिल्या पावलावर. डोक्यावरून जाणाऱ्या चेंडूसाठी एक पाय मागे टाकून कंबर वळवायची आणि धावायचं. पाठीमागे पावलं टाकत जाणाऱ्याच्या वरून चेंडू निघून जातो. टाचांवर धावलं की नजर हलते आणि चेंडू हवेत उड्या मारताना दिसतो. अंगावर सरळ येणारा जोरकस फटका सर्वांत फसवा, कारण त्याची खोली कळत नाही; म्हणून पहिलं पाऊल पुढे टाकायचं नाही. राइट फील्डमध्ये आणखी एक मेख आहे: उजव्या बॅटरचा असो की डावखुऱ्याचा, मैदानाच्या कडेच्या फाउल लाइनच्या बाजूला मारलेला चेंडू बहुधा त्या लाइनकडेच वळतो. धावायची रेषा त्या हिशेबाने धरावी लागते.

२००७ चा मोसम इचिरो सेंटर फील्डला, म्हणजे आउटफील्डच्या मधोमध, खेळला. तिथे बॅटवरून सुटणारा चेंडू समोरून दिसतो, पण दोन्ही बाजूंची जमीन राखायची आणि झेलासाठी हाक मारायचा पहिला हक्कही तुमचाच, त्यामुळे पाय जास्त झिजतात. बहुतेक सेंटर फील्डर वय वाढलं की कोपऱ्यात, म्हणजे लेफ्ट किंवा राइटला, सरकतात. केन ग्रिफी ज्युनियर त्याच २००७ मध्ये राइटला आला होता. इचिरो तेहतिशीत उलटा गेला, आणि तिथेही गोल्ड ग्लोव्ह, म्हणजे उत्तम फील्डिंगचा पुरस्कार, घेतला. २००१ ते २०१० अशी सलग दहा वर्षं तो पुरस्कार त्याच्याकडेच होता. २०११ मध्ये हिट्स १८४ वर थांबल्या, दोनशेची सलग दहा मोसमांची मालिका तुटली आणि गोल्ड ग्लोव्हही गेला. दोन्ही एकाच वर्षी जावेत, हा मला योगायोग वाटत नाही. डावखुरा बॅटर पहिल्या बेसच्या जवळ उभा असतो, त्यामुळे तो कितीतरी हिट्स पहिल्या बेसपर्यंत पळून मिळवायचा. पाय तेच होते.

तरी तो पुढे आठ वर्षं खेळला. शेवटचा सामना २१ मार्च २०१९, टोकियो डोम, वय ४५, समोर पुन्हा ओकलंड. आठव्या इनिंगला तो राइट फील्डमध्ये जाऊन उभा राहिला, आणि खेळ सुरू व्हायच्या आत त्याला परत बोलावलं गेलं.