वाचन का सोडलं, तुम्ही विचारलंत म्हणून

दर रविवारी कुणीतरी विचारतंच. मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, सुटल्यावर चर्चच्या आवारात, मासळी बाजारात, परवा तर एका मयताला सुद्धा. "काय हो, हल्ली वाचनाला दिसत नाही?" आणि पुढचं वाक्य बोलत नाहीत पण तोंडावर असतं, की फादरांशी वाजलं ना तुमचं. तर एकदाच लिहून टाकतो. बावीस वर्षं मी मिस्सात माईकवर बायबलमधलं दुसरं वाचन केलं, आवाज गेलेला नाही, चष्म्याचा नंबरही तोच आहे, आणि फादरांशी वाजलं होतं हे खरंय पण ते २०२१ ला, त्यानंतर तीन वर्षं मी वाचत होतोच की.

ते वाजलेलं आधी सांगतो. जुलै २०२१, चर्च बंद, मिस्सा यूट्यूबवर. ५ जुलैला फादर स्टॅन स्वामी वांद्र्याच्या होली फॅमिली हॉस्पिटलमध्ये वारले, ८४ वर्षांचा जेझुइट धर्मगुरू, झारखंडात आदिवासींच्या जमिनीसाठी काम केलेला, पार्किन्सन्सने हात थरथरायचे म्हणून तळोजा जेलमध्ये सिपर, म्हणजे नळीचा पेला, मागावा लागलेला माणूस, खटला उभा राहायच्या आधीच संपला. पुढच्या रविवारी आमच्या फादरांनी प्रवचनात त्यांचं नाव घेतलं आणि म्हणाले की शेजाऱ्यावर प्रेम करा म्हणजे आधी त्याचा हिशेब चुकता करा, हार नंतर घाला. मी प्रवचन संपायच्या आत ग्रुपवर टाकलं, "हे प्रवचन की भाषण? वेदीवर राजकारण नको." भराभर अंगठे आले. तेव्हा अंगठे देणारेच आज मला विचारतात वाचन का सोडलं, असो.

आता यातली गंमत बघा, मला ती फार उशिरा कळली. आमच्या वसईचे फादर दिब्रिटो हरित वसईसाठी, म्हणजे इथल्या वाड्या-विहिरी वाचवायला, रस्त्यावर उतरले तेव्हा मी कॉलेजात होतो, मोर्च्यात घसा बसेपर्यंत ओरडलोय. ते मला कधी राजकारण वाटलं नाही, उलट वाटायचं बघा आमचे फादर. कारण वाडी आमची होती, विहीर आमची होती. झारखंडातल्या आदिवासींची जमीन म्हटल्यावर मात्र लगेच वेदीचं पावित्र्य आठवलं. तरीही मी म्हणेन की प्रवचनकाराने जपून बोलावं, समोर बसलेला माणूस मध्येच उठून उत्तर देऊ शकत नाही, हे माझं मत तेव्हाही होतं आणि आजही आहे.

पण वाचन सोडलं ते यामुळे नाही.

आयला, म्हणजे माझ्या आईला, सांभाळायला आमच्याकडे एक मुलगी होती, नाव लिहीत नाही. सिमडेग्याची, झारखंडची, आपल्यासारखीच कॅथलिक. २०२१ च्या सुरुवातीला आली, साडेतीन वर्षं राहिली. त्या जुलैच्या रविवारी टीव्हीवर फादर स्टॅनचं नाव आलं तेव्हा ती आयला पेज भरवत होती, चमचा तसाच हातात धरून म्हणाली, "ये तो रांची वाले फादर हैं ना?" मी हो म्हटलं आणि मोबाईलवर टाईप करत राहिलो.

सप्टेंबर २०२४. तिच्या वडिलांची तब्येत बिघडली, तिला घरी जायचं होतं, तिने हिशेब मागितला. पगार बारा हजार, ऑगस्टचा अर्धा आणि सप्टेंबरचा पूर्ण द्यायचा होता म्हणजे अठरा. त्यातून फोनचे सहा कापले, मीच घेऊन दिलेला, हप्त्यांत फेडायचं ठरलं होतं. राहिले बारा. पाच हातात दिले आणि सात ठेवून घेतले, "परत आलीस की देतो." आता तुम्ही म्हणाल त्यात काय, सगळेच ठेवतात, नाहीतर मुली परत येत नाहीत, मग आयचं कुणी करायचं? मी पण तेच म्हणत होतो. शिवाय तिने हो म्हटलं होतं. हो म्हटलं होतं हे मी बायकोला निदान चार वेळा सांगितलं, म्हणजे बघा.

हे शुक्रवारी. शनिवारी रात्री मी नेहमीप्रमाणे रविवारचं वाचन मोठ्याने म्हणून बघत होतो, जेवायच्या टेबलावर बसून. संत याकोबाचं पत्र, पाचवा अध्याय. ज्यांना माहितीय त्यांना माहितीय, श्रीमंतांनो रडा, तुमचं सोनं गंजलंय, आणि तुमच्या शेतात कापणी केलेल्या मजुरांची जी मजुरी तुम्ही अडकवून ठेवलीत ती ओरडतेय. मी तिथे दोनदा अडखळलो, जोडाक्षरामुळे हो, दुसरं काही नाही, आणि तिसऱ्यांदा म्हणून बघितलं. ती आतमध्ये भाकऱ्या थापत होती. थापण्याचा आवाज थांबला.

"भैया, मजुरी मतलब पगार ही ना?"

तिला मराठी येत होतं. साडेतीन वर्षं आयशी मराठीतच बोलायची, आयला दुसरी भाषा येतच नाही. मजुरी शब्द तर हिंदीतही तोच. मी काय म्हणालो माहितीय? म्हणालो, "हां, वो पुराने जमाने का है, खेत में काम करने वालों का." ती "अच्छा" म्हणाली आणि परत थापायला लागली.

टोमणा होता का? मी किती वेळा विचार केलाय. ती टोमणे मारणाऱ्यातली नव्हती, कदाचित खरंच अर्थ विचारला असेल. टोमणा असता तर मला बरं झालं असतं, रागावता तरी आलं असतं.

रविवारी, २९ सप्टेंबरला, मी वाचलं. छान वाचलं. ती आयच्या व्हीलचेअरशेजारी बाजूच्या दारापाशी बसली होती. "हा प्रभूचा शब्द" म्हटल्यावर सगळे धन्यवाद म्हणतात तसं तिनेही म्हटलं असणार, तिचे ओठ हललेले मला दिसले. आणि फादर त्या दिवशी मजुरीवर एक अक्षर बोलले नाहीत, शुभवर्तमानावर दहा मिनिटं बोलले आणि मग छपराच्या फंडाची घोषणा. ज्या माणसाला मी राजकारण नको म्हणून दटावलं होतं तो गप्प, आणि भाषण केलं मीच, माईकवर, इस्त्रीच्या शर्टात. बाहेर आल्यावर दोघातिघांनी हात मिळवले, काय आवाज लागला म्हणे आज.

त्याच आठवड्यात ती रांचीकडच्या गाडीने गेली. मी स्वतः कुर्ल्याच्या एलटीटी स्टेशनला सोडायला गेलो, वाटेत तिच्या वडिलांसाठी सफरचंदं घेतली. सात हजार माझ्या खिशात नव्हते असं नाही.

मी दहा वर्षं धर्मशिक्षणाचा वर्ग घेतलाय. स्वर्गापर्यंत आक्रोश पोचतो अशी पापं मुलांकडून पाठ करून घेतलीयत, हाबेलच्या रक्तापासून मजुराच्या मजुरीपर्यंत. १८९१ मध्ये पोप लिओ तेरावे यांनी रेरम नोव्हारम या कामगारांवरच्या पत्रात लिहिलं की दोघांनी मान्य केली एवढ्यावर मजुरी न्याय्य ठरत नाही, हेही मी शिकवलंय, फळ्यावर साल लिहून. म्हणजे माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही. ती परत आली नाही. नाताळच्या आधी मी सात हजार जीपे केले, तिचा मेसेज आला, "मिल गया भैया. आय कैसी है?" बस. कन्फेशनमध्ये फादरांना सांगितलं तर ते म्हणाले, पैसे दिलेस ना, मग वाचनाला ये. बरोबरच आहे त्यांचं. पण त्याआधी ऑक्टोबरमध्ये यादीत नाव आलं तेव्हाच मी गेलो नव्हतो, मग नोव्हेंबरात नाही, कन्फेशननंतरही नाही, आणि आता याला तुम्ही पश्चात्ताप म्हणा किंवा भाव खाणं म्हणा. बायको म्हणते भाव खाणंच आहे, पापी माणसं वाचत नसती तर माईक बंदच ठेवावा लागला असता.

तेच वाचन सप्टेंबर २०२७ ला परत येईल, तीन वर्षांनी येतं. फादर म्हणाले निदान तेव्हा तरी ये. मी हो म्हटलेलं नाही, नाही पण म्हटलेलं नाही. तोवर मयताला वगैरे भेटलो तर विचारू नका. फोनच्या सहा हजारांचं माझं अजून ठरलेलं नाही. फोन तिच्याकडेच आहे, हप्त्यांचं ठरलं होतं, तिने हो म्हटलं होतं.