आडतीचा हिशोब, तोंडी: आमची वाटचाल

लातूरच्या मार्केट यार्डात शेतकऱ्यांचा माल विकून देणाऱ्या आडत दुकानांसाठी आम्ही हिशोबाचं सॉफ्टवेअर करतो. ऑफिस गंजगोलाईजवळ, माणसं मोजकी. सुरुवातीचं आमचं सॉफ्टवेअर चारचौघांसारखंच होतं: रकाने भरा, एंटर मारा. पुढे अक्षरं मराठी झाली, रकाने तेच राहिले. शेतकऱ्याचं नाव, माल, कट्टे, भाव एका दमात सांगणारा मुनीम तेच भरायला नातवाची वाट बघायचा. अख्खं यार्ड तोंडपाठ असलेल्या माणसाने संगणकासमोर गप्प बसावं, हे मला पटत नव्हतं.

2017 मध्ये गुगलने मराठीत बोलून टाइप करायची सोय आणली आणि आम्ही तोंडी सांगितलेली नोंद थेट वहीत चढवायच्या कामाला लागलो. पण बोललेलं अक्षरात उतरणं वेगळं आणि त्याची नोंद होणं वेगळं.

सगळ्यात जास्त वेळ भावाने खाल्ला. यार्डात 'चार हजार दोनशे पन्नास' कोण म्हणतं? 'साडेबेचाळीसशे' म्हणतात, म्हणजे साडेबेचाळीस गुणिले शंभर. 'साडेचार हजार' म्हटलं की तोच अर्धा हजाराला लागतो आणि पाचशे होतो. 'सव्वा' पाव मिळवतं, 'पावणे' पाव वजा करतं. म्हणून पावणेदोनशे म्हणजे 175. दीड-अडीचची सोय वेगळी करावी लागते. त्यात बेचाळीस आणि त्रेचाळीस गोंगाटात सारखेच ऐकू येतात. क्विंटलमागे शंभर रुपयांचा फरक, पन्नास क्विंटलला पाच हजार. हा पैसा शेतकऱ्याचा आहे.

म्हणून यंत्र नोंद करण्याआधी वाचून दाखवतं, आणि मुद्दाम वेगळ्या शब्दांत. मुनीमजी म्हणतात, 'साडेबेचाळीसशे'. ते विचारतं, 'सोयाबीन, चाळीस कट्टे, भाव चार हजार दोनशे पन्नास, बरोबर?' 'व्हय' म्हटल्याशिवाय वहीत काही चढत नाही. तोच शब्द परत ऐकवला तर माणूस सवयीने मान हलवतो. वेगळा ऐकला की थांबून विचार करतो.

दिशा आम्हाला एका जुन्या कामातून मिळाली. 1970 च्या सुमारास अमेरिकेत विल्यम वुड्स यांनी 'लूनार' हा प्रोग्रॅम तयार केला. अपोलो मोहिमांनी चंद्रावरून आणलेल्या दगडांबद्दल साध्या इंग्रजीत प्रश्न टाकायचा, उत्तर मिळायचं. विषय तेवढाच होता, म्हणून ते जमलं. आमचा विषयही तेवढाच ठेवला: माल, वजन, भाव, हमाली, तोलाई, उचल आणि पट्टी, म्हणजे शेतकऱ्याला मिळणारा विक्रीचा हिशोब. बाकी काही विचारलं तर 'हे मला येत नाही' एवढंच उत्तर.

2022 नंतर आवाज ओळखणारी चांगली मॉडेलं मोफत मिळू लागली. पण आमच्याकडचं 'करायलेत', 'भेटतेत' आलं की ती अडायची. मग मुनीम, हमाल, शेतकरी यांना विचारून, लिलावाच्या गलक्यातच त्यांचे आवाज रेकॉर्ड केले. शांत खोलीतल्या रेकॉर्डिंगचा यार्डात उपयोग नाही.

आता शेतकरी दुकानाच्या नंबरवर फोन करून विचारतो, 'माझे पैसे कवा भेटतेत?' उत्तर फक्त खतावणीतून येतं, अंदाजाने कधीच नाही. एकाच नावाचे दोघे निघाले तर गाव आणि वडिलांचं नाव विचारलं जातं. खातं मिटवणं मात्र तोंडी होत नाही, त्याला मुनीमजींची सहीच लागते, आणि मी ते बदलणार नाही.

पुढचं काम उदगीरचं. तिथे एकाच सौद्यात मराठी, कन्नड आणि दखनी मिसळते. सोयाबीनची आवक सुरू झाली की रेकॉर्डिंगला तिकडे जाणार आहोत.